‘भगताकडे नेल्याने विलंब’ : मण्यार चावल्याच्या एका प्रकरणाचा हिशेब

केसपेपरावर निळ्या शाईत एक ओळ आहे : ‘रुग्णास प्रथम भगताकडे नेल्याने उपचारास विलंब.’ खाली सही, वेळ दुपारी १.२५. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी बापाला विचारलं होतं, ‘इथे आणण्याआधी कुठे दाखवलं?’ बापाने खरं ते सांगितलं, ‘भगताला दाखवलं.’ त्या उत्तराची ही ओळ झाली. पुढे ती डिस्चार्ज कार्डावर उतरली, तिथून तालुक्याच्या आढावा बैठकीत गेली, आणि बैठकीतून निघालं ते सर्पदंश आणि अंधश्रद्धा यावरचं एक रंगीत पोस्टर.

आमची लहानशी संस्था दक्षिण रायगडातल्या कातकरी वाड्यांवर आरोग्याचं काम करते. मण्यार चावलेल्या या अकरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात मी तिसऱ्या दिवशी पोचलो, जनआरोग्य योजनेची कागदपत्रं जुळवायला. ती ओळ वाचली तेव्हा काही वावगं वाटलं नाही, कारण असल्या ओळी मी आधीही वाचल्या होत्या आणि त्या खऱ्याच असतात असं धरून चाललो होतो. महिन्याभराने मुलीच्या काकाने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. त्या रात्री केलेले सगळे फोन त्यात वेळेसकट होते. ते समोर ठेवून मी वाडीतली माणसं, टेम्पोवाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर अशा सगळ्यांना पुन्हा विचारलं. पुढचा हिशेब त्यातून उभा राहिला. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वेळा तशाच ठेवल्या आहेत.

वाडी

अडतीस घरं. डांबरी रस्त्यापासून साडेचार किलोमीटर वर. मध्ये एक व्हाळ, पावसाळ्यात छातीपर्यंत पाणी. घरं कारवीच्या कुडाची, वर कौलं किंवा निळं प्लास्टिक, खाली शेणाने सारवलेली जमीन. झोपायचं त्याच जमिनीवर, गोणपाट आणि त्यावर गोधडी. पावसाळ्यात चुलीची लाकडं घरातच भिंतीला लावून रचतात, बाहेर ती वाळणार कुठे? लाकडांच्या आडोशाला उंदीर, पाली आणि लहानसहान साप येतात. मण्यार हेच खाते. ती निशाचर आहे, आणि झोपेत कूस बदलणारा हात तिच्यावर पडला तर चावते.

वाडीखालची जमीन कातकऱ्यांची नाही. पूर्वी ती खालच्या गावातल्या एका घराण्याची होती, आता मुंबईच्या कुणाच्या तरी नावावर आहे. रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्यांची हीच गत. कागदावर घराखालची जागा दुसऱ्याची, म्हणून घरकुल मंजूर झालं तरी बांधायचं कुठे हा प्रश्न. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन योजना आहे, तिच्यात पक्क्या घराचा पैसा आहे. आमच्या वाडीत त्यातलं एकही घर उभं राहिलेलं नाही. अर्ज जागेच्या रकान्यापाशी अडकतात.

रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे घोषित आदिवासी क्षेत्रात येत नाही हेही इथे सांगून टाकतो. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासीला कागदावर जे आपसूक मिळतं, त्यासाठी इथल्या कातकऱ्याला आधी आपण आहोत हे सिद्ध करावं लागतं. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे, सपाटीला ५,००० मागे. आमची वाडी ज्या उपकेंद्राखाली येते ते खालच्या गावात आहे. तिथून व्हाळापर्यंत गाव मोजलं की आकडा भरतो आणि व्हाळापलीकडची अडतीस घरं त्यात बेमालूम मिसळून जातात. आशाताईही खालच्या गावच्या. बाई कष्टाळू आहेत, उन्हाळ्यात दर पंधरवड्याला वर येतात. जुलै ते सप्टेंबर त्या येऊ शकत नाहीत, आणि साप चावण्याचे महिने नेमके हेच.

हरतालिकेची पहाट

मुलगी अकरा वर्षांची, आश्रमशाळेत सहावीत. गणपतीच्या सुट्टीसाठी आदल्या दिवशीच घरी आलेली. लहान भाऊ आणि आजी यांच्यामध्ये झोपली होती.

दोन-वीसच्या सुमारास ती पोटात दुखतंय म्हणून उठली. एकदा उलटी झाली. आईने ओवा आणि गरम पाणी दिलं. पाणी घशाखाली जाईना, ओठांच्या कोपऱ्यातून परत आलं. आईला वाटलं, पोर झोपेत आहे. पापण्या जड झाल्या होत्या, ‘डोळे उघड गं’ म्हटलं तर भुवया वर जात होत्या आणि पापण्या खालीच राहत होत्या. हे मी तिच्या आईच्या शब्दांत लिहितोय. वैद्यकीय पुस्तकात मण्यारदंशाचं वर्णन जवळपास याच शब्दांत आहे. चावल्याच्या जागी सूज नाही, रक्त नाही, बहुतेक वेळा खूणही नाही. आधी पोटदुखी, मग पापण्या, मग गिळणं, मग आवाज नाकात जाणं, आणि काही तासांत श्वास. घोणस किंवा फुरसे चावलं तर पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं, कुणालाही कळतं. मण्यार चावली की घरचे अजीर्ण समजतात. डॉक्टरही समजतात.

काकाने बॅटरी फिरवली तेव्हा लाकडांच्या ढिगाखाली साप दिसला. काळा, अंगावर पांढरे पट्टे. काठीने मारला. जमलेल्यांपैकी दोघे म्हणाले, कवड्या आहे, बिनविषारी. कवड्या आणि मण्यार यांत गल्लत होते हे खरं. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे उलट. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग असते. रात्री अडीच वाजता, सेल संपत आलेल्या बॅटरीच्या उजेडात हे कोण बघणार?

बघितलं ते भगताने. तो चार घरं सोडून राहतो. त्याला बोलावलं, तो आला, साप उलटापालटा केला, शेपटीकडून मानेपर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘हा कवड्या नाय. हिला खाली न्या.’ मुलीच्या कपाळाला अंगारा लावला, काहीतरी पुटपुटला, आणि झोळीसाठी स्वतःच्या घराच्या वळचणीतला बांबू काढून दिला. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागली.

त्याच वीस मिनिटांत काका टेकाडावर होता. वाडीत रेंज नाही. टेकाडावरच्या एका आंब्याखाली उभं राहिलं तर मिळते. मोबाइलमधल्या नोंदी अशा : ३.०७ आशाताईंना, उचलला नाही. ३.११ खालच्या गावातल्या जीपवाल्याला, चार मिनिटं बोलणं. त्याने सांगितलं, व्हाळापर्यंत येतो, पण माझी गाडी आज चाकरमानी आणायला गेलीय, भावाला विचारतो. ३.१६ ला १०८. तिकडून विचारलं, रस्ता कुठपर्यंत आहे? काकाने सांगितलं. मग पत्ता, गावाचं नाव, खूण. वाडीचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं, म्हणून खालच्या गावाचं दिलं.

म्हणजे भगताने खाल्लेली वीस मिनिटं कुणी खाल्लीच नाहीत. फोन लागेपर्यंत आणि झोळी बांधेपर्यंत तेवढा वेळ तसाही जाणार होता.

३.४० ला निघाले. बांबूला चादर बांधलेली, चौघे खांदेकरी, दोघे बदली, पुढे एक कंदील. मुलीचं डोकं वर राहावं म्हणून आई बाजूने चालत चादरीत हात घालून. ‘तोंडातून लाळ येत होती ती मी पुसत होते,’ असं ती म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण गिळता न येणाऱ्या पेशंटला उताणं न ठेवता लाळ बाहेर काढत राहणं हेच त्या क्षणी करण्याजोगं होतं. पायवाटेवर घोट्यापर्यंत चिखल. व्हाळाला पाणी होतं. नेहमीच्या जागी उतरता येईना, म्हणून वरच्या अंगाने वळसा घालून, खडकांवरून. डांबरी रस्त्याला लागले तेव्हा ५.२० वाजले होते. साडेचार किलोमीटरला शंभर मिनिटं.

तिथून महामार्ग दिसतो. त्या पहाटे त्यावर लाल दिव्यांची न हलणारी रांग होती. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेलकडच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि गणपतीच्या आदल्या दोन रात्री तिथे काय होतं हे कोकणात घर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. चाकरमान्यांसाठी दरवर्षी महामार्गावर वैद्यकीय पथकं आणि रुग्णवाहिका उभ्या करतात. चांगलंच करतात. ५.२४ ला काकाने पुन्हा १०८ लावला तेव्हा कळलं, जवळची गाडी महामार्गावर ड्युटीला आहे, पन्नास मिनिटं लागतील.

५.५० ला झेंडू घेऊन जाणारा एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो आला. चालकाने पोती एका बाजूला सारली आणि झोळी मागे ठेवून घेतली. त्याने पैसे घेतले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी फुलांचा व्यापारी त्याला उशिराबद्दल बोलला, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

पासष्ट मिनिटं

६.१५ ला प्राथमिक आरोग्य केंद्र. इथे मला थोडं थांबायचं आहे.

सिस्टर हजर होत्या, डॉक्टर क्वार्टरवरून दहा मिनिटांत आले. कंत्राटी, नोकरीचं पहिलंच वर्ष, सुट्टीमुळे एकटे. कपाटात सर्पविषावरच्या लशीच्या दहा कुप्या होत्या. ही लस भुकटीच्या रूपात असली तर तिला फ्रिज लागत नाही, त्यामुळे वीज गेलेल्या केंद्रातही ती टिकते. औषध नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

डॉक्टरांनी चावल्याची खूण शोधली. हात, पाय, कानामागे, केसांत. सापडली नाही. ‘साप चावला कशावरून?’ काकाने साखरेच्या पिशवीत गुंडाळून आणलेला साप टेबलावर ठेवला. (साप मारून आणू नका, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही दंश होऊ शकतो, असं आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो. या प्रकरणात त्या पिशवीमुळेच काम पुढे सरकलं. तरीही शिबिरात मी तेच सांगत राहणार आहे.) मग केसपेपर. मुलीचं नाव, वय, आधार. आधार आश्रमशाळेत. त्यावरून पाच-सात मिनिटं गेली. रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवण्याची चाचणी केली. रक्त गोठलं. मण्यारीच्या विषात ते गोठतंच, ते विष रक्तावर नाही, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतं. रक्त गोठलं म्हणून विष नाही असा अर्थ काढायचा नसतो. तो इथे काही वेळ काढला गेला.

शेवटी लस सुरू झाली. दोन कुप्या. मोठ्या माणसाला सुरुवातीला दहा देतात, हिचं वजन चोवीस किलो, म्हणून दोन. हा हिशेब साधा वाटतो आणि साफ चुकीचा आहे. साप माणसाचं वय बघून विष सोडत नाही. लस विषाला मारण्यासाठी असते, म्हणून मुलालाही मोठ्यांइतकीच द्यायची असते.

मी डॉक्टरांशी नंतर बोललो. त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाले, ‘लशीने रिअॅक्शन आली असती तर मी एकटा होतो. पोर टेबलावर गेली असती तर वाडीवाल्यांनी मला काय केलं असतं?’ ही लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते, रिअॅक्शन येऊ शकते, आणि आलीच तर ॲड्रिनलिन लागतं. ते ट्रेमध्ये होतं. लागणार होतं ते फोनवर कुणीतरी ‘दे दहा, मी आहे’ म्हणणारं. महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू किती खाली आणले हे जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं आहे. ते काम याच जिल्ह्यात, असल्याच दवाखान्यांत झालं. आपल्याकडे ज्ञान नाही असं नाही. ते सकाळी साडेसहाला एका घाबरलेल्या पोरगेल्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही, आणि त्याच्या केंद्रात येतो तो पेशंट बहुतेकदा असा असतो ज्याच्या वतीने कुणी वरून फोन करत नाही.

७.२० ला केंद्राच्या गाडीतून तालुक्याला रवाना. ७.५० ला तिथे. वाटेत मुलीचा श्वास उथळ होत गेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितलं, आठ मिनिटांत श्वासनलिकेत नळी घातली, उरलेली लस दिली. हे काम अव्वल दर्जाचं झालं, त्यांचं नाव घेता येत नाही याची खंत आहे. तिथे व्हेंटिलेटर होता, प्लास्टिकचं आवरण चढवलेला. चालवणारे भूलतज्ज्ञ सुट्टीवर. म्हणून पुन्हा पुढे, सत्तर किलोमीटर.

१०.०५ ते १.१०. रुग्णवाहिका मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांच्या उलट्या दिशेने जात होती, तरी त्या गाड्यांनी दोन्ही बाजू अडवल्या होत्या. तीन तास मुलीचा श्वास हाताने चालू ठेवला. रबरी फुगा नळीला जोडलेला, दर चार सेकंदांनी दाबायचा आणि सोडायचा. सिस्टर दाबत होती, हात भरून आला की काका. सिस्टरने त्याला ‘एक, दोन, तीन, दाब’ असं शिकवलं. काका भात झोडणारा माणूस, लय त्याच्या हातात होती. नागोठण्याच्या आसपास कुठेतरी गाडी वीस मिनिटं जागची हलली नाही. मुलीचे डोळे मिटलेले, बाहुल्या विस्फारलेल्या, हात उचलून सोडला तर दगडासारखा खाली. आईला वाटलं, गेली. ती मोठ्याने तसं म्हणाली.

मण्यारीच्या विषात स्नायू बंद पडतात, शुद्ध जात नाही. सहाव्या दिवशी नळी निघाल्यावर मुलीने आईला पहिलं विचारलं ते हे : ‘गाडीत तू रडत का होतीस? मी ऐकत होते.’

हिशेब

मुलगी उठली तेव्हापासून नळी घालणाऱ्या हातांपर्यंत साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटं. ती अशी गेली : घरात ८०, पायवाटेवर १००, रस्त्यावर वाहनाची वाट बघत ३०, टेम्पोत २५, प्राथमिक केंद्रात ६५, केंद्र ते तालुका ३०. घरातल्या ऐंशीपैकी वीस भगताची, आणि तीही फोनच्या वेळेत मोडलेली.

ही बेरीज मी तालुक्याच्या बैठकीत वाचून दाखवली. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘म्हणजे भगताकडे न्यावं असं तुमचं म्हणणं आहे का?’ नाही, तसं माझं म्हणणं नाही. असे भगत मी पाहिलेत जे पेशंटला सकाळपर्यंत धरून ठेवतात, मणी लावतात, जखम कापतात. त्यांच्यामुळे माणसं मेली आहेत. पण या प्रकरणात केसपेपरावर तीन ओळी लिहिता आल्या असत्या : ‘साकव (व्हाळावरचा पायपूल) नसल्याने विलंब’, ‘रुग्णवाहिका नसल्याने विलंब’, ‘अपुरा डोस’. लिहिली गेली ती चौथी, कारण तिच्यासाठी कुणाला जाब द्यावा लागत नाही.

त्याच महिन्यात खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याला भात बेणताना फुरसे चावलं. मुलाने मोटरसायकलवर बसवून त्याला पस्तीस मिनिटांत थेट तालुक्याला नेलं, वाटेतूनच ओळखीच्या डॉक्टरांना फोन झाला, चौथ्या दिवशी तो घरी आला. त्याच्या केसपेपरात विलंबाची ओळ नाही. तो दगावला असता तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळाले असते, सर्पदंश त्या योजनेत बसतो. ती आहे सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका माणसासाठी. आमची मुलगी दगावली असती तर घरात सातबारा नाही म्हणून काहीच नाही. तिचे आईबाप दर पावसाळ्यात त्याच शेतकऱ्याच्या शेतात लावणी करतात. तोच चिखल, तेच साप.

देशभराचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली तीन-चतुर्थांशांहून जास्त रुग्णालयाबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला. आराखडा मी वाचला आहे, चांगला आहे. त्याची छापील प्रत आमच्या प्राथमिक केंद्रात पोचली तेव्हा मी तिथेच होतो. लिफाफा फोडला गेला आणि आवक रजिस्टरात नोंद झाली.

नंतर

इस्पितळात तेरा दिवस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवायला दोन दिवस गेले, कारण रेशनकार्डावर मुलीचं नावच नव्हतं. कार्ड तिच्या जन्माआधीचं. त्या दोन दिवसांत बाहेरून आणलेली औषधं, गाडीचं डिझेल, माणसांचं खाणं, आणि तेरा दिवसांची दोघांची बुडालेली मजुरी. खालच्या गावातून हातउसने मिळाले नाहीत. मिळाली ती वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल, अठरा हजार. एरवी ही उचल दिवाळीनंतर ठरते. यंदा ती भाद्रपदातच घेतल्यामुळे भाव ठरवायची संधी गेली. मुकादमाने सांगितला तो दर, सांगितली ती भट्टी, आणि जोडपं पुरेना म्हणून तिसरे हात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे.

आम्ही आमच्या परीने दोन गोष्टी केल्या. एक, केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं : ‘पहाटे पोटदुखी, पापण्या जड, जमिनीवर झोपलेला पेशंट — खूण नसली तरी मण्यार समजा. दहा कुप्या. मुलांनाही दहा.’ खाली दोन डॉक्टरांचे फोन नंबर, त्यांच्या परवानगीने. केंद्रातल्या डॉक्टरांना राग येईल वाटलं होतं. त्यांनी स्वतःच खिळा ठोकला.

दुसरी गोष्ट मच्छरदाण्यांची. जमिनीवर झोपलं तरी मच्छरदाणी गोधडीखाली नीट खोचली तर मण्यार आत येत नाही. आम्ही साठ वाटल्या. पंधरा दिवसांनी वर गेलो तर निम्म्याहून जास्त घरांत त्यांचा पत्ता नव्हता. काही व्हाळात मासे धरायला गेल्या होत्या, दोन सुकटीवर माश्या बसू नयेत म्हणून पसरलेल्या. मी चिडलो. मुलीची आजी मला आत घेऊन गेली आणि वर बोट दाखवलं. कुडाच्या भिंतीत खिळा बसत नाही, वर आढं उंच, दोरी बांधणार कशाला? हे आमच्यापैकी कुणालाही वाटप करताना सुचलं नव्हतं, आणि वाटपाचे फोटो मात्र आम्ही व्यवस्थित काढले होते. मग वाडीतल्याच पोरांनी बांबूचे चार खुंट, तळाशी दगडांचा आधार, असं एक सुटं चौकट बनवलं. आता पंचवीसेक घरांत ते आहे.

साकवाचा अर्ज ग्रामपंचायतीने पुढे पाठवला आहे. त्यावर शेरा आलाय, साकव ज्या वस्तीसाठी मागितला त्या वस्तीची नोंद जोडावी. नोंद जोडायची तर जागेचा मालक कोण हे दाखवावं लागतं. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्याची दुसरी प्रत दिली आहे. रंगीत पोस्टर मात्र वाडीत आलं, समाजमंदिर नाही म्हणून भगताच्याच घराच्या कुडाला लावलंय. त्यात भगव्या वस्त्रांतल्या एका दाढीवाल्यावर लाल फुली आहे. हा भगत चड्डी-बनियनवर असतो आणि मिशीही ठेवत नाही. पोस्टर चांगलं जाड आहे, पाऊस आत येत नाही, म्हणाला.

माघात मुलीच्या तपासणीची तारीख होती. आश्रमशाळेत चौकशी केली तर दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परतलीच नव्हती. भट्टीचा पत्ता काढून गेलो. जंगलाकडच्या बाजूला कच्च्या विटांची बुटकी खोपटी, वर काळं प्लास्टिक, आत माती. मुलगी बापाने थापलेल्या विटा उलथवत होती. आवाज अजून थोडा नाकात आहे, बाकी ठीक. मी केसपेपर पुढे केला, आई हात पुसत आली आणि तो तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातला. आत मच्छरदाणी बांधलेली दिसली, चारी कोपरे विटांच्या चार ढिगांना. हे कसं सुचलं विचारलं तर म्हणाली, इथं खुंट कुठून आणू? ट्रक आला की ढीग उचलतात, मग दुसऱ्या ढिगाला बांधते.